गाडी सुरूच्या मागे लावा! कोकण किनाऱ्याने कॅराव्हॅन ट्रिप आखताना

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धाच राहिला, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा स्क्रोल करायला आवडतं, त्या सगळ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. ती रील तुम्ही सगळ्यांनी पाहिली असणार. पांढरी कॅराव्हॅन, मागचं दार उघडं, पांघरुणाबाहेर आलेले दोन पाय आणि समोर दहा पावलांवर समुद्र. प्रश्न असा की मांडव्यापासून गोव्यापर्यंत आपण असं करत जाऊ शकतो का? आठ-दहा दिवस, भाड्याची कॅराव्हॅन, रोज नवा बीच?

जाऊ शकतो, आणि मजा येते. फक्त रीलमधली ती गाडी जिथे उभी आहे ना, तिथे आपली गाडी न्यायची नाही. का नाही, ते नीट कळलं की मुक्काम कुठे करायचा, कुठल्या तारखेला निघायचं, फेरीबोट किती वाजता गाठायची, ही बाकीची गणितं आपोआप सुटत जातात. म्हणून आज हॉटेलं आणि ‘टॉप टेन बीच’ बाजूला ठेवू. सुरुवात पाण्यापासून.

कालनिर्णय काढा आणि पाऊणपट करा

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, हे शाळेत झालंय. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, त्याला कोळी लोक भांग म्हणतात.

आता किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचं गणित. ज्या दिवशी भरती बघायची, त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या आसपास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. गाव बदललं की अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर भरतीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे, दोन्ही मिळतात. तरी पाऊणपट शिकून ठेवा, कारण ती रेंज नसतानाही चालते.

आता खरी गंमत बघा. गंमत कसली, सापळाच आहे तो. पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती रात्री बाराच्या सुमारास, तर पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या दिवशी सूर्यास्ताला तुम्ही किनाऱ्यावर पोहोचता तेव्हा पाणी महिन्यातलं सगळ्यात लांब गेलेलं असतं. समोर मैदानासारखा रुंद, ओला, कडक किनारा. गाडी घालायचा मोह नेमका तेव्हाच होतो. आणि त्याच रात्री पाणी महिन्यातलं सगळ्यात आत येणार असतं. पौर्णिमेच्या चांदण्यात बीच कॅम्पिंग करायची आपली सगळ्यांची हौस याच तारखांना येते.

पाणी येतं तेसुद्धा एका वेगाने येत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात ते जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत निम्मं चढून जातं, शेवटी पुन्हा मंदावतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास वरखाली होते, दक्षिणेला गोव्याकडे हा फरक दोनेक मीटरपर्यंत खाली येतो. समजा चार मीटरचा फरक आहे आणि किनारा अगदी सपाट, म्हणजे ५० मीटर चाललं की एक मीटर उतार. तर मधल्या दोन तासांत पाणी १०० मीटर आत येईल. ओहोटी सहाची धरली तर हे दोन तास कुठले? रात्री आठ ते दहा. सहा ते सात काहीच घडत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त होऊन चूल मांडता, आणि जेवणाच्या वेळी समुद्र ताटाशी येतो.

कडक वाटणारी पुळण

कोरड्या वाळूत चाक रुततं हे सगळ्यांना माहीत असतं. फसवते ती ओली वाळू. वाळूच्या कणांमध्ये थोडं पाणी असलं की ते कणांना एकमेकांशी धरून ठेवतं, म्हणून ओहोटीनंतरच्या त्या पट्ट्यावर मुलं क्रिकेट खेळू शकतात. पण तेच पाणी वाढून कणांमधली सगळी जागा भरली, की कण एकमेकांवर टेकायचे थांबतात आणि वाळू पातळ होते. उभ्या गाडीखाली हे भरती येताना आपोआप घडतं. आपण हललेलोच नसतो, तरी चाकं खाली जातात. मग घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतं.

हॅचबॅक अशी अडकली तर दहा-बारा माणसं ढकलून काढतात. कॅराव्हॅन म्हणजे आत पलंग, बॅटरी, फ्रिज, पाण्याची टाकी असलेला तीन-साडेतीन टनांचा टेम्पो. तो ढकलून निघत नाही. मग गावात ट्रॅक्टर किंवा जेसीबी शोधा, तोही रात्री नऊ वाजता, आणि तो ट्रॅक्टरवालाही पाणी बघून ‘सकाळी बघू’ म्हणतो. सकाळपर्यंत खाऱ्या पाण्याने ब्रेक, बेअरिंग आणि वायरिंगचं काय व्हायचं ते झालेलं असतं. किनाऱ्यावर गाडी घातली म्हणून पोलिसांनी गुन्हा दाखल केल्याच्या बातम्या कोकणातून दर सिझनला येतात, त्या वेगळ्याच. गाडी भाड्याची असेल तर करारात वाळूवर नेण्याबद्दल आणि डिपॉझिटबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

‘पण दादा, फोर बाय फोर असेल तर?’ असं एकाने विचारलंय. फोर बाय फोर असेल तर ती थोडी आणखी पुढे जाऊन अडकेल.

मग झोपायचं कुठे?

कोकणातल्या किनाऱ्याची एक रचना असते, ती डोळ्यांत बसवून घ्या. समुद्राकडून गावाकडे चालत आलात की आधी ओली पुळण, मग कोरडी पुळण, मग जमिनीवर पसरलेली एक वेल. जांभळी फुलं, आपट्यासारखी दुभंगलेली पानं. तिचं नाव मर्यादवेल. बघा ना, नावातच सगळं सांगून ठेवलंय. त्या वेलीच्या मागे सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मग घरं आणि रस्ता. तुमच्या गाडीची जागा मर्यादवेलीच्या आणि सुरूच्या मागे आहे, कोणाच्या तरी वाडीत, विचारून आणि पैसे देऊन. त्या वेलीवरूनसुद्धा चाक न्यायचं नाही, ती वाळू धरून ठेवते.

यात मजा कमी होत नाही. दिवेआगर, मुरुड, गुहागर अशा गावांत वाडीतून चालत समुद्र पाच-दहा मिनिटांवर असतो. रात्री लाटांचा आवाज ऐकू येतो, वाऱ्यात वाळू नसते, संडासाची सोय असते आणि सकाळी कोणीतरी घावणे करून देतं. तंबूची हौस असेल तर तो वाडीतच लावा. फक्त नारळाखाली नको, गाडीसुद्धा नको. विनोद करत नाहीये, नारळ टपावर पडला की टपावरच्या सोलर पॅनेलचं काम संपलं.

होमस्टेला फोन कराल तेव्हा ‘पार्किंग आहे का?’ एवढं विचारू नका, ‘आहे की’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर स्विफ्ट असते. गाडीची लांबी, रुंदी आणि उंची सांगा, टपावर एसी असेल तर तो धरून. आणि मग विचारा, ‘लग्नाच्या मंडपाचा टेम्पो तुमच्या वाडीत आत येतो का?’ या प्रश्नाला कोकणात अगदी खरं उत्तर मिळतं, कारण तो प्रसंग प्रत्येक घराने पाहिलेला असतो. गावातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या आणि लोंबत्या वायरी. समोरून एसटी आली तर मागे तुम्हालाच जावं लागणार, एसटी नाही जाणार.

एमटीडीसीची रिसॉर्ट्स गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्लीला आहेत. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, कॅराव्हॅन पार्कची कल्पना त्यात आहे. पण धोरण आहे म्हणून प्रत्येक गावात प्लग पॉइंट असेल असं समजू नका. रात्रभर गाडी उभी करून वीज मिळेल का, हे बुकिंगच्याच फोनवर ठरवून घ्या.

तुमच्या आधी आलेले कॅम्पर

नोव्हेंबर ते मार्च हा आपला ट्रिपचा सिझन. ऑलिव्ह रिडले कासवांचाही तोच. मादी रात्री पुळणीवर येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन हे संवर्धन सुरू केलं, पुढे आंजर्ले, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर ते पोहोचलं.

पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. तुमच्या गाडीची एलईडी पट्टी चालू असेल तर ते तिकडे येतं. आणि चाकाची खोल चाकोरी ही आपल्यासाठी रेघ असली तरी तळहातात मावणाऱ्या पिल्लासाठी ती दरी आहे. मार्चच्या आसपास जाणार असाल तर वेळासला एक रात्र ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडतात ते बघा. गावातल्या घरांत राहायची सोय होते. फ्लॅश बंद, दोरीच्या मागे उभं राहायचं, बस.

गाडी घेताना

नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याने दिलेली गाडी असेल तर पिवळी पाटी, काळी अक्षरं. सेल्फ ड्राइव्ह असेल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची ‘मित्राची कॅराव्हॅन’ भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनीशी भांडायला बसावं लागेल. लायसन्सचा प्रश्न खूप जणांनी विचारलाय. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. पण कायद्याने चालवता येणं आणि हर्णैच्या बाजारातून चालवता येणं यात फरक आहे. निघण्याआधी एक दिवस मोकळ्या मैदानात नुसती रिव्हर्सची प्रॅक्टिस करा.

ड्रायव्हर सोबत असेल तर एक गोष्ट बुकिंगच्या आधी ठरवा. तो झोपणार कुठे? कोणीच हे विचारत नाही आणि मग तो दहा रात्री स्टिअरिंगवर डोकं टेकून काढतो. दुसऱ्या दिवशी घाटात तुमचा जीव त्याच्याच हातात असतो. त्याची खोली बजेटमध्ये धरा.

विजेचं गणित सोपं आहे. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे रात्रभर एसी विसरा, दोन-अडीच तासांत बॅटरी झोपली. त्याच बॅटरीवर २५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालवलेत तर अर्धं युनिट लागतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा, रात्री गार असतात. एप्रिल-मेमध्ये रोज घराच्या विजेला जोडलेलीच गाडी हवी.

पाणी. १०० लिटरची टाकी मोठी वाटते. चौघांच्या चार बादल्या आंघोळी, ६० लिटर गेले. उरलेल्यात भांडी आणि संडास. होळीनंतर किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरींचं पाणी कमी होतं, काहींचं मचूळ होतं, त्यामुळे टाकी भरून मागताना आपण काय मागतोय याचं भान ठेवा आणि पैसे विचारा. आंघोळ होमस्टेच्या बाथरूममध्येच करा.

आणि संडासाची टाकी. यावर रील कोणी बनवत नाही. ती दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते आणि ती जागा खाडी, सुरूचं बन किंवा गटार नाही. मुक्कामाच्या घरी सेप्टिक टँकचा संडास असतो, घरमालकांना आधी विचारून त्यात ओतायची. टाकीत फिनेल घालू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्या घरात वास सुटतो. पुढच्या कॅराव्हॅनला तिथे ‘नाही’ ऐकावं लागलं, तर कारण तुम्ही असाल.

गॅसबद्दल एवढंच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. खाली जाळी किंवा भोक नसलेल्या कपाटात सिलिंडर ठेवलेला दिसला तर ती गाडी घेऊ नका.

रस्ता आणि जंगलजेटी

रेवस ते रेडी सागरी महामार्ग हे बॅ. अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न. ५०० किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता खाड्यांवर येऊन थांबतो, आणि जिथे पूल झालेले नाहीत तिथे फेरीबोट. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. मुंबईहून निघालात तर भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, २०२० पासून सुरू आहे, साधारण तासाभरात गाडीसकट पलीकडे. मग आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या फेऱ्या वेळेत मिळाल्या तर ट्रिपचा सगळ्यात सुंदर भाग हाच. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा, तोही अंधारात.

इथेही भरती आलीच. पाणी खूप उतरलेलं असताना धक्क्याचा उतार जास्त तीव्र होतो आणि लांब गाडीची शेपूट घासते. उधाणाच्या ओहोटीची वेळ टाळा. तिथी तुम्हाला कळतेच आता, पौर्णिमेला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास नको, दुपारची फेरी धरा. आदल्या दिवशी फोन करून गाडीचं माप सांगा, जागेवर गेल्यावर रिव्हर्समध्ये चढवायला सांगितलं तर गांगरू नका.

रोजचं अंतर ६०-७० किलोमीटरच्या वर ठेवू नका. नकाशा दोन तास सांगेल, तुम्हाला चार लागतील. माझ्या हिशेबाने दहा रात्री अशा पडतात: एक नागाव-काशीद पट्ट्यात, एक दिवेआगर, एक वेळास, एक मुरुड-कर्दे, दोन गुहागर, एक गणपतीपुळे, एक कुणकेश्वर, दोन तारकर्ली. गुहागरला दोन यासाठी की मध्ये कुठेतरी कपडे धुवायला एक पूर्ण दिवस लागतो, आणि कपडे वाळवायला गुहागरच्या वाडीसारखी जागा नाही. तारखा निवडताना अष्टमी ट्रिपच्या मध्यावर येईल असं बघा. शिमग्याचे दिवस धरलेत तर पालख्या रस्त्यावर असतात, गाडी बाजूला लावून बघत उभं राहायची तयारी हवी. ३१ डिसेंबरचा आठवडा मी कोणालाच सुचवणार नाही.

तारकर्लीनंतर वेंगुर्ला, शिरोडा आणि मग आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून गोवा. तिथे नियम कडक आहेत. २०२२ मध्ये गोवा सरकारने बीचवर गाडी नेणं आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दोन्हीला मनाई केली. तेव्हा दंड ५,००० रुपयांपासून सुरू होऊन ५०,००० पर्यंत ठेवला होता. रस्त्याकडेला टेबल मांडून मॅगी करायची सवय आठ दिवसांत लागलेली असते, त्यामुळे सांगून ठेवतो. शिरोड्याची मिठागरं बघा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला होता, मग तिथेच कोणाच्या तरी अंगणात विचारून शेवटचा स्वयंपाक उरकून घ्या, भांडी धुवा, सिलिंडरचा कॉक बंद करा आणि मग पूल ओलांडा.